शिपायाचें घर

यावलास उभें राहून उत्तरेकडे पाहिलें, म्हणजे सातपुड्याची रांग दिसते. तापी ओलांडून दक्षिणतीरीं गेलें, कीं पुढें धरणगांव लागतें. या दोहोंना जोडणारें खानदेशच्या इतिहासांतील एक प्रकरण बहुधा सेनानायकाच्या बाजूनें सांगितलें जातें. आम्ही तें शिपायाच्या घराकडून पाहूं इच्छितों.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं गेला. डोंगरांतील भिल्ल मात्र वठणीवर येईनात. मोहिमांमागून मोहिमा झाल्या, तरी धामधूम शमली नाहीं. अखेर एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकीर्दींत, १८२५ सालीं, भिल्लांचीच पलटण उभारण्याचें ठरलें. तें काम जेम्स औट्रम या २२ वर्षांच्या लेफ्टनंटावर सोंपविलें. ठाणें धरणगांवास झालें.

औट्रमच्या धाडसाचे गोडवे पुष्कळांनीं गायिले आहेत. पण त्यास पहिले शिपाई मिळाले कसे? आरंभींच्या छाप्यांत धरलेल्या कैद्यांच्या आप्तांकरवीं त्यानें डोंगरांत संधान बांधलें. स्वतः भिल्लांमध्यें वावरला, त्यांच्याबरोबर शिकारीस गेला. भिल्ल पलटणींत आला, तो जाहीरनामा वाचून नव्हे. नात्यागोत्याच्या माणसानें भरंवसा दिला म्हणून आला.

या नात्याचीच कसोटी १८५८ सालीं लागली. पूर्वी सेंधव्याच्या घाटाची सरकारी राखण करणारा खाज्या नाईक बंडांत उतरला होता. ११ एप्रिल रोजीं सातपुड्यांत अंबापाणी येथें लढाई झाली. सरकारी फौजेंत भिल्ल पलटणीचे शिपाई होते; समोरहि भिल्लच. बंडवाल्यांबरोबर त्यांचीं कुटुंबें होतीं. चारशेंहून अधिक स्त्रिया कैद झाल्या.

खाल्ल्या मिठास जागावें, कीं रक्तास? राजनिष्ठेचे पुजारी त्या शिपायास शाबासकी देतील, स्वदेशाभिमानी त्यास द्रोही म्हणतील. आम्हांस दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. ज्या पगारावर त्याची चूल पेटत होती, त्याच पगारानें त्यास भाऊबंदांसमोर उभें केलें होतें.

औट्रम १८६३ सालीं वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेंत त्याची समाधि आहे. शिपायांच्या बायकामुलांची आठवण मात्र घरोघरच्या वृद्धांच्या तोंडींच राहावयाची. वाचकांपैकीं कोणास खानदेशांत अशीं घरें ठाऊक असतील, तर त्यांनीं तेथें जाऊन बसावें, ऐकावें आणि ऐकिलेलें लिहून ठेवावें. इतिहासाचें तेवढें देणें आपणां सर्वांवर आहे.