आंग्र्यांचें आरमार कोणीं बुडविलें ?

१२ फेब्रुवारी १७५६ या दिवशीं, दोन प्रहर टळल्यावर, विजयदुर्गाच्या बंदरांत नांगरलेल्या एका जहाजावर इंग्रजांचा तोफगोळा येऊन पडला. तें जहाज मूळचें इंग्रजांचेंच होतें. त्याचें नांव 'रिस्टोरेशन'. १७४९ सालीं तुळाजी आंग्र्यानें तें समुद्रांत पाडाव केलें होतें. त्यास लागलेली आग शेजारच्या गुराबांवर गेली आणि गुराबांवरून गलबतांवर पसरली. जें आरमार अर्धशतक कोंकणच्या किनाऱ्यावर जरब बसवून होतें, तें एका दिवसांत जळून गेलें. समुद्राच्या बाजूस ॲडमिरल वॉटसनचीं जहाजें उभीं होतीं. जमिनीच्या बाजूस पेशव्यांची फौज होती. आरमार मराठ्यांचें होतें, आणि तें जाळणारांस बोलावणें मराठ्यांच्याच मुख्य प्रधानानें पाठविलें होतें.

या प्रसंगाविषयीं महाराष्ट्रांत दोन मतें प्रचलित आहेत. एक पक्ष सारा दोष नानासाहेब पेशव्यांच्या माथीं मारतो. दुसरा तुळाजीच्या उद्दामपणाकडे बोट दाखवितो. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे. परंतु दोघेही माणसांचा न्याय करतात आणि व्यवस्थेचा विचार सोडून देतात. विजयदुर्गाची आग १७५६ सालीं भडकली, पण तिचें सरपण पुष्कळ आधीं रचलें गेलें होतें.

शिवछत्रपतींनीं आरमार उभारलें, तें सरकारच्या पैशानें. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर खाडींत जहाजें बांधूं लागलीं, १६६४ सालीं मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया पडला. दौलतखान, मायनाक भंडारी हे आरमाराचे सरदार राज्याचे नोकर होते. समुद्र कोणाचें वतन नव्हतें. त्या काळांत वाढलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५-१६ च्या सुमारास आज्ञापत्र रचलें, तेव्हां आरमारास एक स्वतंत्र राज्यांग मानून त्यांनीं दोन गोष्टी बजावून सांगितल्या. आरमाराच्या खर्चाची नेमणूक मुलखाच्या वसुलांतून असावी, समुद्रावरील मिळकतीवर नसावी. कारण मिळकतीवर पोसलेलें आरमार सावकारांस उपद्रव देतें आणि बंदरें ओस पडतात. दुसरी गोष्ट अशी कीं, टोपीकर केवळ व्यापारी नव्हेत, त्यांच्या पाठीशीं राजसत्ता आहे. सबब समुद्रकांठीं व खाडीच्या मुखावर त्यांस जागा देऊं नये. पुढील चाळीस वर्षांत राज्यकर्त्यांनीं या दोन्ही सूचनांच्या नेमकें उलट वर्तन केलें.

पहिल्या सूचनेचा भंग आज्ञापत्र लिहिलें जाण्यापूर्वींच झालेला होता. १७१३ सालीं कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या पक्षास होते. शाहू महाराजांनीं पाठविलेल्या बहिरोपंत पिंगळ्यांस त्यांनीं कैद केलें होतें. त्या संकटांत बाळाजी विश्वनाथांनीं कान्होजींस वळवून घेतलें. सरखेलीचें पद, किनाऱ्यावरील किल्ले आणि भोंवतालचा मुलूख कान्होजींकडे कायम झाला. त्या घडीस ही मसलत शहाणपणाची होती. शाहूंचें आसन तिनेंच स्थिर झालें. परंतु राज्याचें एक अंग राज्याच्या कोठीवरून उठून एका घराण्याच्या चुलीवर जेवूं लागलें, हें त्याचें मोल होतें.

कान्होजींच्या हयातींत तें मोल कोणास जाणवलें नाहीं. १७१८ सालीं मुंबईकर इंग्रजांनीं खांदेरीवर हल्ला केला तो फसला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तेव्हां साताऱ्याहून फौज घेऊन खुद्द पहिले बाजीराव धांवले. समुद्रावर आंग्रे आणि खुष्कीवर पेशवे, असा योग जमतांच पोर्तुगिजांनीं १७२२ च्या आरंभीं तह केला आणि इंग्रज हात हलवीत मुंबईस परतले. राज्याचीं दोन अंगें एकमेकांस साह्य झालीं म्हणजे काय होतें, याचा पुरावा त्याच पिढीनें डोळ्यांनीं पाहिला होता.

१७२९ सालीं कान्होजी वारले आणि आरमारास भाऊबंदकी लागली. वतन म्हटलें कीं वांटणी आलीच. सेखोजीच्या मागें संभाजी व मानाजी भांडले. १७३५ सालीं पेशव्यांनीं मध्यें पडून मानाजीस कुलाबा दिला, आणि संभाजीकडे सरखेली व दक्षिणेकडील दुर्ग राहिले. भांडण मिटलें, पण आरमार दुभंगलें. संभाजीमागून तुळाजी आला. तो शूर होता, दर्यावर्दी होता, आणि कोणास जुमानीत नव्हता. दस्तक घेतल्यावांचून जाणारें जहाज तो धरी. इंग्रज त्यास चांचा म्हणत. पण परवाना न घेणारीं जहाजें धरण्याची ही रीत या समुद्रावर पोर्तुगिजांनीं त्याच्या दोनशें वर्षें आधीं चालू केली होती. मात्र तुळाजी पेशव्यांच्या सत्तेसही मानीना, स्वकीयांच्या मुलखासही त्याचा उपद्रव होऊं लागला. ज्याची भाकरी समुद्रावरील धरपकडीवर चालते, त्यास धरपकड आंवरा म्हणून सांगणें म्हणजे उपाशी रहा म्हणून सांगणें होय. अमात्यांनीं वर्तविलेलें भविष्य अक्षरशः खरें झालें.

अशा सरदारास वठणीवर आणणें हा पेशव्यांचा अधिकार होता, कर्तव्यही होतें. प्रश्न मार्गाचा होता. मार्च १७५५ मध्यें रामाजी महादेवांच्या मध्यस्थीनें मुंबईकरांशीं करार झाला. समुद्रावरील मोहिमेची मुखत्यारी इंग्रजांकडे गेली, आणि मोबदला म्हणून बाणकोट देण्याचें ठरलें. बाणकोट म्हणजे सावित्रीच्या खाडीचें मुख ! अमात्यांची दुसरी सूचना अशी मोडली. एप्रिलमध्यें कमोडोर जेम्सनें सुवर्णदुर्ग घेतला. वस्तुतः अंजनवेल, गोवळकोट वगैरे ठाणीं पेशव्यांच्या फौजेनें पुढें खुष्कीवरूनच काबीज केलीं. तुळाजीचा मुलूख त्याच्या हातून सुटत चालला होता. थोडा धीर धरला असता तर विजयदुर्गही वाटाघाटीनें हातीं येण्याजोगा होता.

आणि तो येऊं घातला होता, हीच इंग्रजांची अडचण होती. वॉटसन व क्लाइव्ह मुंबईहून निघण्यापूर्वींच त्यांनीं आपसांत लुटीची वांटणी ठरवून ठेविली होती. ते विजयदुर्गासमोर आले तों तुळाजी किल्ला आपल्या नातलगाच्या हवालीं करून पेशव्यांच्या छावणींत बोलण्यास गेलेला. किल्ला परभारें मराठ्यांस मिळूं नये म्हणून इंग्रजांनीं तोफा सुरू केल्या, आणि क्लाइव्हनें रात्रीं फौज उतरवून ती किल्ला व पेशव्यांचा तळ यांच्या मध्यें आणून उभी केली. १३ तारखेस किल्ला पडला. आंत सुमारें १० लाख रुपयांचा ऐवज सांपडला. तो इंग्रजांनीं आपसांत वांटून घेतला. किल्ला देण्यासही ते राजी नव्हते. बाणकोट परत घ्या, विजयदुर्ग आम्हांस राहूं द्या, असा त्यांचा आग्रह होता. १२ ऑक्टोबर १७५६ च्या पुण्याच्या तहानें तो एकदांचा पेशव्यांच्या स्वाधीन झाला. तुळाजीचें उर्वरित आयुष्य कैदेंत गेलें. पेशव्यांस बंडखोर मिळाला आणि रिकामें बंदर मिळालें.

पुढील हिशेब तारखाच सांगतात. तोच वॉटसन आणि तोच क्लाइव्ह जानेवारी १७५७ मध्यें कलकत्त्यांत होते आणि २३ जूनला प्लासीवर क्लाइव्ह विजयी झाला. १७७४ च्या डिसेंबरांत मुंबईकरांनीं ठाणें घेऊन साष्टी बळकावली, तेव्हां त्यांस खाडींत अडविण्याजोगी दर्यावरील सत्ता उरली नव्हती. पेशव्यांनीं विजयदुर्गास पुन्हां आरमार उभारलें हें खरें. १७८३ सालीं आनंदराव धुळपांनीं इंग्रजांचें 'रेंजर' जहाज लढून धरलें, यावरून कोंकणच्या खलाशांची मर्दुमकी जिवंत होती हें दिसतें. पण मुंबईला धाक घालील असें सामर्थ्य त्या आरमारास पुन्हां आलें नाहीं. माणसें असून भागत नाहीं. त्यांच्या मागें पिढ्यांची गोदी, अनुभव आणि अखंड खर्च लागतो. तो धागा एकदां तुटला कीं जोडणें कठीण.

तेव्हां आरमार कोणीं बुडविलें ? आग इंग्रजांनीं लावली, बोलावणें नानासाहेबांनीं केलें, निमित्त तुळाजीनें दिलें. पण या तिघांच्याही मागें चौथा अपराधी उभा आहे, आणि तो म्हणजे सैन्यास वतन करून देणारी राज्यपद्धति. ज्या सैन्याचा पगार राज्य देत नाहीं, तें सैन्य राज्याचें रहात नाहीं. आणि जें आपलें नाहीं त्याचें भय वाटूं लागतें. भयानें ग्रासलेल्या सत्तेस मग घरच्या तरवारीपेक्षां परक्याची तरवार जवळची वाटते. सेनापतीस शासन करणें निराळें आणि सेना नष्ट करणें निराळें, हा विवेक नानासाहेबांसारख्या चतुर पुरुषासही राहिला नाहीं, तो या भयापायीं.

मुंबईच्या जुन्या किल्ल्याच्या जागीं स्वतंत्र भारताच्या नौदलाचा तळ आहे, आणि १९५१ पासून त्यास आंग्र्यांचेंच नांव आहे. ज्या बंदरांतून वॉटसन निघाला, तेथेंच हें नांव लागावें, हा काळानें घेतलेला न्याय म्हणावा. पण त्या नांवाहून मोठी गोष्ट अशी कीं, तेथील खलाशास वेतन राष्ट्राच्या तिजोरींतून मिळतें. कान्होजींचें शौर्य राज्यास लाभलें होतें. ही एक व्यवस्था मात्र लाभली नव्हती.