एका खाचेची गोष्ट

परवा नातीचा फोन आला. तिला थ्रीडी अ‍ॅनिमेशन शिकायचंय, त्यासाठी संगणक घ्यायचाय. "आजोबा, नुसत्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर भागेल, की साधंसं कार्ड घेऊ?" मी क्षणभर गप्पच झालो. हाच प्रश्न 2003 साली तिच्या बाबाने मला विचारला होता.

तेव्हा मी इतिहासाचा मास्तर, संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पीएफमधून पैसे काढलेले. दुकानदार म्हणाला, "सर, ग्राफिक्स बोर्डावरच आहे, कार्ड कशाला?" पैसे वाचतायत म्हटल्यावर मला ते लगेच पटलं. मुलगा काही बोलला नाही.

निवृत्तीनंतर मात्र या भानगडीचा इतिहास धुंडाळला. (खोड जात नाही!) गंमत म्हणजे 1998 साली इंटेलने आय 740 नावाची चिप सुट्या ग्राफिक्स कार्डांसाठीच काढली होती. ती बाजारात टिकली नाही. पण तीच विद्या 1999 च्या 810 चिपसेटमध्ये घातली गेली आणि ग्राफिक्स मदरबोर्डाबरोबर जणू फुकट मिळू लागलं. फुकट म्हणजे कसं, तर स्वतःची मेमरी नाही, संगणकाच्या रॅममधूनच वाटा घ्यायचा. एकत्र कुटुंबात एकच चूल असावी तसं. पत्रं लिहायला, हिशेबाला ते पुरे. थ्रीडी चित्र फिरवायला लागलं की मात्र चुलीपाशी रांग. कार्डाची चूल वेगळी असते, सगळा फरक तिथे आहे.

अर्थात स्वस्त कार्डं म्हणजे सोनं असंही नाही. 2002 चं जीफोर्स 4 एमएक्स नावाने चौथ्या पिढीचं, पण आतून दुसऱ्या पिढीच्या जवळचं. 2001 च्या जीफोर्स 3 मध्ये असलेले प्रोग्राम करता येणारे पिक्सेल शेडर त्यात नव्हतेच. पुढे जीटी 1030 चंही तेच झालं. 2017 च्या कार्डात मेमरीचा वेग सेकंदाला 48 जीबी, आणि 2018 मध्ये त्याच नावाने जे डीडीआर 4 वालं आलं त्यात जेमतेम 17. त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेल्या रायझन 2400जी या प्रोसेसरला रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या, तर त्याचं आतलं ग्राफिक्स अशा कार्डाला सहज मागे टाकी. पट्टी एकच लावली की वेग निम्मा. हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

असो. तर 2003. मुलाने सहा महिने शिकवण्या घेऊन पैसे साठवले, लॅमिंग्टन रोडवरून कार्ड आणलं. संध्याकाळी डबा उघडला, आणि बोर्डावर एजीपीची खाचच नाही! तेव्हाचे काही चिपसेट तसेच असत, वरचा 810 सुद्धा त्यातलाच. विकत घेताना मी बघायला हवं होतं. त्याने स्क्रू परत लावले, कार्ड मित्राला पडत्या भावात दिलं. अ‍ॅनिमेशनचा क्लास त्या दिवाळीत सुटला. आज तो बँकेत आहे, बरं चाललंय. त्या खाचेबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

नातीला मी सांगितलं, नुसतं शिकायला सुरुवात करायची तर आजचं आतलं ग्राफिक्स पुष्कळ आहे, पण 16 जीबीची एक पट्टी नको, आठाच्या दोन घे. ब्लेंडरमध्ये मोठी दृश्यं रेंडर करायची वेळ आली की कार्ड. 2024 च्या 6 जीबीवाल्या आरटीएक्स 3050 ची मेमरी सेकंदाला 168 जीबी देते, डीडीआर 5 5200 च्या दोन पट्ट्या मिळून 83. त्याहून खालच्या नावाच्या कार्डांवर पैसे घालू नकोस.

"आणि बोर्डावर लांब पीसीआय एक्सप्रेस खाच आहे ना, ते बाबाला बघायला सांग," म्हटलं.

ती म्हणाली, "बाबाने कालच बघितली, आजोबा. सगळ्यात आधी."