मुंबई : हवेची गुणवत्ता

मुंबईची हवा वाऱ्यांच्या भरवशावर असते. दिवसाचे खारे वारे धूर-धूळ पूर्वेकडे ढकलतात, रात्रीचे मतलई वारे ती पुन्हा समुद्राकडे नेतात. पावसाळ्यात हवा धुऊन निघते. हिवाळ्यात वारे मंदावले की कण जमिनीलगत साचतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात हे ठळकपणे दिसले.

कापडगिरण्यांची धुराडी थंडावली, टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर आल्या, इंधनातील गंधक घटले. त्यामुळे सल्फर डायऑक्साइड ओसरला. धुळीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. पाडकाम, काँक्रीट प्रकल्प, उखडलेले रस्ते आणि वाहने हे तिचे मुख्य स्रोत. अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची भारतीय वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची, २०२१ पासून, अवघी ५. मुंबईची सरासरी संघटनेच्या मर्यादेच्या कित्येक पट असते.

हे कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत, तेथून रक्तात पोहोचतात. वर्षानुवर्षांच्या संपर्काने दमा, श्वसनमार्गाचे जुनाट विकार, हृदयरोग व पक्षाघाताचा धोका वाढतो. मुलांच्या फुप्फुसांची वाढ खुंटते. भार सर्वांवर सारखा नाही, आणि ही यातली सर्वांत अन्यायाची बाब होय. माहुलमध्ये प्रकल्पग्रस्तांना तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या इमारतींत वसवले गेले. जानेवारी २०१६ मध्ये देवनार कचराभूमी पेटली, तेव्हा धूर गोवंडी-चेंबूरच्या घराघरांत शिरला व शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे, हिरवे कापड व पाण्याची फवारणी सक्तीची केली.