क्रमांक कोणाचा?

घरातील दूरध्वनीचा क्रमांक कोणाचा, घरधन्याचा की कंपनीचा? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु प्रत्येक बदलीबरोबर घर आणि शेजार मागे टाकणाऱ्या आम्हां नोकरदारांस त्याचे मोल सांगावयास नको.

क्रमांक हे मुळात माणसाचे नाव नव्हतेच. ते तारेचे ठिकाण होते. 1891 साली अमेरिकेत ऑल्मन स्ट्रोजर याने स्वयंचलित जोडणीच्या यंत्राचे पेटंट मिळविले. अशा यंत्रांत फिरविलेला एकेक अंक म्हणजे त्या तारेकडे नेणारा एकेक टप्पा. साहजिकच कंपनी सोडली की तार सुटे आणि तिच्याबरोबर क्रमांकही जाई.

पुढे जोडणीचे काम संगणक करू लागले, तेव्हा ही गाठ सोडविणे सुकर झाले. ग्राहकाचा क्रमांक कायम राखण्याचे बंधन अमेरिकेने 1996 च्या कायद्याने कंपन्यांवर घातले. 2007 मध्ये ते इंटरनेटवरून चालणाऱ्या दूरध्वनीसही लागू झाले. तेथील शहाणा ग्राहक नव्या कंपनीकडे क्रमांक पोचेपर्यंत जुने खाते बंद करीत नाही; तसे केल्यास क्रमांकच हातचा जाण्याचा धोका असतो.

आपल्याकडे ही सोय मोबाइलपुरती 2011 च्या जानेवारीत देशभर आली. पण परिमंडळाची वेस तिला ओलांडता येत नसे. 3 जुलै 2015 पासून तीही आडकाठी गेली.

आमच्या मते हा हक्क लहान नव्हे. बदलीच्या गावी घर नवे, शेजार नवा. परंतु गावाकडे आईला पाठ असलेला क्रमांक तरी जुनाच राहतो.