महागडा संगणक किती वर्षे पुरतो?

जास्त रियाल मोजले की संगणक जास्त वर्षे चालेल, असे आपल्याला वाटते. पण वेगाचा मान फार टिकत नाही. पुण्यातला टाटा समूहाचा महासंगणक 'एका' नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा होता. वर्षभरात तो तेरावा झाला. तरी त्याचे काम काही थांबले नव्हते.

घरचा संगणक बाद होतो तो बहुधा सॉफ्टवेअरची साथ सुटल्यावर. इंटेलचा आय-७ ७७००के हा प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये ३३९ डॉलरना आला, आय-३ ८१०० त्याच ऑक्टोबरमध्ये ११७ डॉलरना. दोन्हींत चार कोअर. पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत स्वस्त आय-३ आहे, महाग आय-७ नाही! विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

म्हणून मधल्या किमतीचा, पण नव्या पिढीचा संगणक घ्या. घुब्राची धूळ आणि दमट हवा लक्षात घेऊन पंखे अधूनमधून साफ करा. जुन्या यंत्रावर लिनक्स टाकून ते मुलांना द्या; सपोर्ट संपलेल्या विंडोजवर मात्र भारतातल्या बँकेचे व्यवहार करू नका.