रांझ्याच्या पाटलाचं पुढे काय झालं?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला की थोड्या वेळात वरवे बुद्रुक लागतं. या भागातल्या पोरांना रांझ्याच्या पाटलाची गोष्ट कुणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. रांझे इथलंच, भोर तालुक्यातलं. पाटलानं एका बाईवर अत्याचार केला, शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडले. गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते आणि टाळ्या पडतात.

या प्रकरणाचं पत्र मात्र इथे थांबत नाही. तारीख २८ जानेवारी १६४६. महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, म्हणजे निवाडा देताना त्यांना सोळावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. आजच्या हिशेबानं दहावीचं वय! पत्र सांगतं ते असं: पाटील बाबाजी गुजर याच्या हातून 'बदअमल' घडल्याचं कळलं. त्याला बोलावून घेतलं, चौकशी केली, आरोप खरा ठरला, मग शिक्षा झाली. त्यानंतर सोनजी गुजर हा त्याचा भाऊबंद पुढे आला आणि याला माझ्या हवाली करा म्हणाला. सोनजीकडून दंड घेऊन रांझ्याची पाटिलकी त्याला दिली गेली.

चौकशी आणि सांभाळ, नेमक्या याच दोन गोष्टी सांगताना गळतात. लहान मुलांना त्यांची उणीव भासतही नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९३२ च्या पुस्तकात हे नोंदवलंय. ते मुलांना छोट्या गोष्टी सांगून विचारायचे, यातली कुठली शिक्षा जास्त योग्य? सहा-सात वर्षांच्या मुलांचा कल कडक शिक्षेकडे असे. जितकी कडक, तितकी न्याय्य. मोठी मुलं वेगळं पाहू लागत: शिक्षेचा गुन्ह्याशी संबंध काय, झालेलं नुकसान भरून निघतं का.

पुढे अमेरिकेत लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८ च्या प्रबंधासाठी दहा ते सोळा वर्षांच्या मुलांना पेच घातले. बायको मरणाच्या दारात आहे, औषध परवडत नाही, तर नवऱ्यानं ते चोरावं का? 'हो' की 'नाही' याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. ते 'का' विचारत.

आता वर्गात या. "महाराजांनी बरोबर केलं का?" सगळे ओरडणार, "हो!" पण एकाच्या मनात असेल, महाराजांनी केलं म्हणजे बरोबरच. दुसऱ्याला वाटत असेल, त्यामुळे बाकीचे पाटील घाबरले. तिसरीला वाटत असेल, गावानं ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्यानंच घात केला, म्हणून हा गुन्हा साध्या गुन्ह्याहून मोठा. उत्तर एक, विचार तीन. 'शाब्बास' म्हणून धडा पुढे नेणाऱ्या शिक्षकाला हे कळणारच नाही. आणि कुठल्याही बलात्काराच्या बातमीखाली 'चौरंग करा' लिहिणारे आपण पियाजेंच्या कुठल्या वयोगटात बसतो, हेही कुणी विचारत नाही. राग खोटा असतो असं माझं म्हणणं नाही. पण चौकशी कुणी करायची, हे त्या कॉमेंटमध्ये नसतं.

कोलबर्गच्या अभ्यासात एक भलंमोठं भोक होतं. त्यानं सुरुवातीला निवडलेली सगळी मुलं म्हणजे मुलगेच होते. त्याच्याबरोबर काम केलेल्या कॅरल गिलिगन यांनी १९८२ च्या पुस्तकात ते दाखवून दिलं. मुलींच्या बोलण्यात नियमाइतकंच 'कुणाला दुखापत झाली, तिची काळजी कोण घेणार' हेही येतं, आणि मोजपट्टीत त्याला जागाच नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळ्या मुली असाच विचार करतात का, यावर नंतर बरेच वाद झाले. प्रश्न मात्र टिकला.

तो रांझ्याच्या पत्रालाही विचारता येतो. त्यात बाबाजीचं नाव आहे, सोनजीचं आहे, पाटिलकी कुणाकडे गेली तेही आहे. 'बदअमल' या एका शब्दापलीकडे गुन्ह्याचा तपशील नाही. आपल्या गोष्टीतली ती बाई त्या पत्रात कुठेच नाही. दंड झाला, वतन गुजरांकडेच राहिलं. तिला काय मिळालं, हे चौथीतली एखादी मुलगी हात वर करून विचारू शकते. तेव्हा तास संपायला पाच मिनिटं असली, तरी थांबावं लागेल.