संगमावरचा वकील

1790 सालचा पावसाळा. पागोटं सावरा आणि दिल्ली दरवाजातून शनिवारवाड्यात या. वर दरबार भरलाय. गादीवर सोळा वर्षांचे सवाई माधवराव, जवळच नाना फडणवीस, समोर बैठकीवर ईस्ट इंडिया कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट. 1 जूनला पुण्यात ठरलेला तह गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या मंजुरीनिशी कलकत्त्याहून परत आलाय आणि मॅलेट तो पेशव्यांच्या हाती देतोय. म्हैसूरच्या टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज आता दोस्त झाले. जिंकलेला मुलूख तिघांनी सारखा वाटून घ्यायचा.

विडे होतील, अत्तर-गुलाब होईल. तुम्ही मात्र तेवढ्यावर परतू नका. बहिरोपंत मेहेंदळ्यांच्या मागोमाग मुळा-मुठेच्या संगमावर, मॅलेटच्या रेसिडेन्सीकडे चला. नानांच्या वतीने मॅलेटशी बोलणी करणारे हेच. स्वार किती द्यायचे, फौज कधी निघायची, याचा काथ्याकूट त्यांनीच केला. तहावर शिक्के उठले तरी वकिलातीचं काम थांबत नाही. तिकडे परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडला वेढा घालून बसलेत. मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची पलटण त्यांच्यासोबत आहे, पण किल्ला पडता पडत नाही. दोस्तांत कुरबुरी सुरू होतात. त्या ऐकून घ्यायच्या, निवळायच्या आणि दोस्ती तुटू द्यायची नाही, हे वकिलाचं खरं काम.

ते किती मोलाचं, हे मे 1791 मध्ये दिसतं. श्रीरंगपट्टणजवळ कॉर्नवॉलिसची फौज उपासमारीने खंगलीय, बैल मेलेत. तेवढ्यात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंची मराठी फौज येऊन मिळते. तिच्या बाजारात धान्य आहे. पुढच्या वर्षी टिपूला निम्मं राज्य सोडावं लागतं.

आता पुन्हा पुण्यात या. हा कावसजी. इंग्रज फौजेबरोबर बैल हाकत होता. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाने वावरला. आता पुण्याजवळचा, कुंभारकाम करणाऱ्या जातीतला एक माणूस त्याच्यावर शस्त्रक्रिया करतोय. नीट बघा. आधी तो मेणाचं नाक करून जुन्या जागी बसवून पाहतो. मग ते मेण चपटं करून कपाळावर ठेवतो, त्याच्या कडेने रेघ ओढतो आणि तेवढी कातडी सोडवतो. दोन भुवयांमधला बारीक दुवा मात्र कापत नाही, कारण त्यातूनच कातडीला रक्त मिळणार. मग कातडी पिरगळून खाली वळवतो आणि नाकाच्या जागी बसवतो. ही शस्त्रक्रिया क्रूसो आणि फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिली, जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकिकत लंडनच्या मासिकात छापून आली आणि 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने तीच रीत लंडनमध्ये वापरली.

मला इथेच थांबावंसं वाटतं. आपल्या शेजारच्या कुंभाराचं कसब आपल्याला नवलाचं वाटलं नाही, परक्या डॉक्टरांनी ते टिपून घेतलं. मॅलेटही तेच करत होता. दरबारात कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोण आजारी आहे, फौजेचा पगार किती थकलाय, सगळं लिहून तो कलकत्त्याला कळवायचा. नानांचे बातमीदार हिंदुस्थानभर होते, पण पुण्याचा कायमचा वकील लंडनला कधीच नव्हता. दोस्ताची खरी सत्ता जिथे होती, तिथे आपला कान नव्हता, आणि ही उणीव मला तोफांच्या उणिवेपेक्षा मोठी वाटते.

पुढे ही दोस्ती तुटली आणि 5 नोव्हेंबर 1817 ला संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली. त्याच दिवशी खडकीची लढाई झाली, आणि 1818 मध्ये पेशवाई संपली. मॅलेटचा पुण्यातला पत्रव्यवहार रियासतकार सरदेसाईंनी संपादित करून 1936 साली छापला आहे. मिळवून वाचा आणि शेजारी नानांची पत्रं ठेवा.